हिशेबखात्यातलं घराणं आणि ताऱ्याचं वजन

नागपुरात शुक्रवारी तलावासमोर रमन विज्ञान केंद्र आहे. शाळेच्या सहलीत तिथलं तारांगण पाहिलं नाही असं पोर इकडे विरळाच. पण रमन यांचा नागपूरशी संबंध काय, असं विचारलं तर मोठी माणसंही घुटमळतात. संबंध आहे, आणि तो अगदी सरकारी आहे: बदली. चंद्रशेखर वेंकट रमन तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, वित्त खात्याचे अधिकारी म्हणून पगार घेत होते. रंगूनहून १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली. वर्षही पुरतं सरलं नसेल, तोच बढती मिळून ते कलकत्त्याला गेले.

त्याच १९१० सालच्या १९ ऑक्टोबरला लाहोरला त्यांच्या थोरल्या भावाला मुलगा झाला. हा भाऊ, सी. सुब्रह्मण्य अय्यर, रेल्वेच्या हिशेबखात्यात होता. म्हणजे एक भाऊ नागपुरात सरकारी खतावण्या पाहतोय, दुसरा लाहोरात. लाहोरला जन्मलेला तो पुतण्या म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यानेही पुढे हिशेबच केला, पण ताऱ्यांचा.

घरात नोकरीचा प्रश्न आला तेव्हा वडिलांना वाटत होतं की मुलाने आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारचा बडा प्रशासकीय अधिकारी, व्हावं. त्यात नवल नाही, त्या काळी हुशार मुलाची वाट तीच. पण काकांनी १९१७ मध्ये सुरक्षित नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली होती. घरातच असा दाखला असल्यावर मुलाला कोण अडवणार? शिवाय आई सीतालक्ष्मी त्याच्या बाजूने होती. इब्सेनचं नाटक तमिळमध्ये आणणारी ती बाई. मुलगा विलायतेला निघाला तेव्हा ती आजारी होती, तरी तिने त्याला जायलाच लावलं. पुढच्याच वर्षी ती वारली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड तिथे आले. चंद्रशेखर, थोडक्यात चंद्रा, त्यांना जाऊन भेटला. आपण पाठ केलेलं भौतिकशास्त्र जुनं झालंय, असं त्यांच्याकडून ऐकल्यावर त्याने नव्या पुंजयांत्रिकीचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या वागण्याच्या शास्त्राचा, पिच्छा पुरवला. एका निबंधस्पर्धेत बक्षीस म्हणून त्याने ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरचं एक पुस्तक मागून घेतलं. लेखक होते इंग्लंडचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन. हे नाव लक्षात ठेवा.

१९३० च्या ३१ जुलैला मुंबईहून बोट सुटली. चंद्रा एकोणीस वर्षांचा होता आणि डोक्यात श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेले तारे, होते. आपल्या व्याध ताऱ्याचा जोडीदार असाच एक श्वेतबटू आहे. वजन साधारण सूर्याएवढं, आकार मात्र पृथ्वीच्या आसपास. तर्री-पोह्याच्या चमच्यात मावेल एवढं त्याचं द्रव्य काही टन भरेल. इंधन संपलेला असा तारा स्वतःच्या वजनाखाली चिरडला कसा जात नाही, याचं उत्तर केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दिलं होतं.

दिवाळीतली पुणे-नागपूर गाडी डोळ्यांपुढे आणा. दोन इलेक्ट्रॉन एकाच जागेवर बसू शकत नाहीत. खालची बाकं भरली की उरलेल्यांना वरच्या बर्थवर चढावं लागतं, आणि इथे वरचा बर्थ म्हणजे जास्त वेग. दाटी जितकी जास्त, तितकी वेगवान इलेक्ट्रॉनांची धडपड मोठी, आणि त्या धडपडीचा दाब तारा तोलून धरतो. चंद्राने बोटीवर विचारलेला प्रश्न साधा होता: हा वेग वाढून वाढून प्रकाशाच्या वेगाजवळ आला तर? त्यापुढे तो वाढणारच नाही. आइन्स्टाइनची सापेक्षता हिशेबात धरली की दाब वजनापुढे कमी पडू लागतो. एका ठरावीक वस्तुमानाच्या वर श्वेतबटू टिकूच शकत नाही.

१९३१ मध्ये छापलेल्या निबंधात हा आकडा सूर्याच्या ०.९१ पट होता. ताऱ्यातल्या द्रव्याबद्दलचं गृहीतक नंतर सुधारलं आणि आज आपण ज्याला चंद्रशेखर मर्यादा म्हणतो तो सुमारे १.४ पटीचा आकडा आला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्लंडचे स्टोनर आणि एस्टोनियातले अँडरसन हेही त्याच सुमारास अशाच निष्कर्षाजवळ पोचले होते. खऱ्या ताऱ्याची रचना धरून, घनता आत-बाहेर कशी बदलते ते मांडून हिशेब तडीस नेला तो चंद्रशेखरांनी.

११ जानेवारी १९३५. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी आपलं काम मांडलं. लगेच एडिंग्टन उठले. तारा असा वेड्यासारखा वागू नये म्हणून निसर्गाचाच काही नियम असला पाहिजे, अशा अर्थाचं ते बोलले आणि सभा हसली. गणितातली चूक त्यांनी दाखवली नाही, कारण चूक नव्हतीच. पाउलीसारखे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ खासगीत चंद्रशेखरांच्या बाजूचे होते, पण चारचौघांत कोणी बोललं नाही. मला एडिंग्टनच्या हटवादीपणापेक्षा हे गप्प बसणं जास्त लागतं.

चंद्रशेखर भांडत बसले नाहीत. १९३६ मध्ये ललिता दोराईस्वामींशी लग्न केलं, १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या यर्कीझ वेधशाळेत रुजू झाले, १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि तो विषय बाजूला ठेवला. पुढे आयुष्यभर तीच रीत. एक क्षेत्र घ्यायचं, काही वर्षं त्यात बुडायचं, जाडजूड ग्रंथ लिहायचा आणि उठून दुसरीकडे जायचं: ताऱ्यांची गतिकी, प्रारणाचं (प्रकाशासारख्या किरणांचं) वहन, द्रवांची अस्थिरता, शेवटी कृष्णविवरं. मध्ये १९५२ ते १९७१ अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलचं संपादन. यर्कीझहून शंभरावर किलोमीटर गाडी हाकत ते शिकागोला वर्ग घ्यायला जात. एका वर्गात दोनच विद्यार्थी होते, ली आणि यांग, असं सांगतात. १९५७ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं, गुरुजींना अजून मिळायचं होतं.

पद्मविभूषण १९६८ मध्ये. नोबेलची बातमी आली १९ ऑक्टोबर १९८३ ला, त्र्याहत्तराव्या वाढदिवशी, विल्यम फाउलर यांच्यासोबत विभागून. (हे फाउलर अमेरिकेतले, केंब्रिजचे वेगळे.) दरम्यान १९८२ मध्ये चंद्रशेखरांनी केंब्रिजला जाऊन व्याख्यानं दिली होती. विषय होता एडिंग्टन, आणि सूर आदराचा होता.

अखेरच्या वर्षांत त्यांनी न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' उघडला. आधी प्रत्येक प्रमेय स्वतः सोडवायचं, मग न्यूटनने कसं सोडवलं ते ताडून पाहायचं. त्यावरचं पुस्तक १९९५ मध्ये निघालं. त्याच वर्षी २१ ऑगस्टला ते शिकागोत वारले.