दोथ्राकी म्हणजे मंगोल नव्हेत

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक कथेतले दोथ्राकी, म्हणजे घोड्यावरून फिरणारे भटके लढवय्ये, हे नाव बदललेले मंगोलच, हा समज भलताच चिवट आहे. खुद्द लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीच सांगितलंय की त्यांत मंगोल आणि हूण आहेत, तसेच अलान ही जुनी भटकी जमात आणि अमेरिकेतल्या सू, शायेन या मूळ जमातीही आहेत. वर थोडी निव्वळ कल्पना. खरी गफलत पुढेच होते. लोक दोथ्राकींवरून मंगोलांची पारख करू लागतात. दोथ्राकी चिलखताला हसतात, समुद्राला भितात, मेंढपाळांना तुच्छ लेखतात. मंगोल स्वतःच मेंढपाळ! चिलखत तर ते घालतच. १२५८ मध्ये वेढ्याची यंत्रं लावून त्यांनी बगदाद घेतलं. १२७४ आणि १२८१ मध्ये जहाजं घेऊन जपानवरही चालून गेले. दुसऱ्या खेपेला वादळानं आरमाराची पार वाट लावली, तो भाग निराळा.