लकवा ओळखणं आणि त्याचं निदान (ग्रामीण विदर्भ)

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, अंगावरून वारं जाणं, ही सगळी एकाच दुखण्याची नावं, डॉक्टर लोक त्याला स्ट्रोक म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते नाहीतर वाहिनी फुटते आणि तेवढ्या भागाचं काम अचानक बंद पडतं. यातला 'अचानक' हा शब्द महत्त्वाचा, महिनाभरात हळूहळू हात जड होत गेला असेल तर बहुतेक भानगड वेगळी असते. मे महिन्यात इकडं अजून एक घोळ होतो, ऊन लागून पडलेल्यालाही लोक 'स्ट्रोक आला' म्हणतात. पण उष्माघातात अंग तव्यासारखं तापतं, माणूस बरळतो, एकाच बाजूचा हातपाय लुळा पडत नाही सहसा.

गडचिरोलीत सर्च संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा स्ट्रोक पहिल्या नंबरवर निघाला, १४.३ टक्के, म्हणजे सातातला एक मृत्यू. यातले बहुतेक लोक घरीच वारले. म्हणून इथं निदानाची सुरुवात दवाखान्यात नाही, ओसरीवरच होते असं धरून चालावं.

घरच्यांनी पाहायच्या तीन गोष्टी: चेहरा, हात, बोलणं. पुस्तकात लिहिलंय की पेशंटला हसायला सांगा, पण इकडं त्याच्या आधीच खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सांगून जातो, तोंडात धरलेला खर्रा एका कोपऱ्यातून गळतो आणि माणसाला पत्ताच नसतो. चहाचंही तसंच. एका पायातली चप्पल वाटेत निघून पडली आणि माणूस तसाच चालत आला, हेही लक्षण आहे. हात पाहायचे तर डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावायचे, तळवे वर, दहापर्यंत मोजायचं, लकव्याचा हात हळूच खाली येतो आणि तळवा आत वळतो. बोलण्यासाठी एखादं साधं वाक्य म्हणून घ्यायचं, "आज बजाराचा दिस हाय". शब्द चावल्यासारखे येतात, नाहीतर भलतेच येतात, किंवा सांगितलेलं त्याला कळतच नाही. अचानक तोल जाणं आणि एकदम दिसेनासं होणं हेही धरायचं.

आता खरा प्रश्न. "कवापासून?" त्यावर ठरलेलं उत्तर, "सकायपासून". हे उत्तर डॉक्टरच्या कामाचं नाही. त्याला पाहिजे असते ती माणूस धड असल्याची शेवटची वेळ, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते घड्याळ तिथूनच चालू होतं. झोपेतून उठताना हात लुळा दिसला तर वेळ उठल्यापासून नाही, झोपल्यापासून मोजायची. पण मधात रात्री कोणी त्याला नीट चालताबोलताना पाहिलं असेल तर अख्खा हिशोब बदलतो. गावात घड्याळ पाहून कोणी पडत नाही, म्हणून विचारणाऱ्यानं गावाच्या भाषेत विचारावं: मोटर चालू करायला वावरात गेला तेव्हा लाईन आली होती का, मोटर त्यानं स्वतःच्या हातानं चालू केली का, दूध घालून आला का, पहिली एसटी गेली होती का. अशा चार प्रश्नांत 'सकायपासून'चं 'साडेपाचला धड होता' होतं, आणि हे काम आशाताई कोणत्याही मशीनपेक्षा चांगलं करते हे माझं मत.

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सीटी (मेंदूचा आतला फोटो काढणारा स्कॅन) नसतो, पण तिथं एक तपासणी लगेच व्हायलाच पाहिजे, ती म्हणजे शुगर. शुगर फार खाली गेली तर हुबेहूब लकव्यासारखी एक बाजू पडते आणि ग्लुकोज दिलं की माणूस उठून बसतो. बीपी मोजायचा, पण जिभेखाली गोळी ठेवून झपकन खाली आणायचा नाही, मेंदूला मिळतं तेवढं रक्तही त्यानं कमी होऊ शकतं. अॅस्पिरिन सीटीच्या आधी नाही. पाणी पाजायचं नाही, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळायला नेणारेही आहेत, त्यात जातो तो फक्त वेळ. १०८ ला फोन करताना 'लकवा' हाच शब्द वापरा, 'चक्कर आली' म्हणू नका.

लकव्यासारखं दिसणारं पण लकवा नसलेलंही बरंच आहे. फिट येऊन गेल्यावर काही तास एक बाजू ढिली राहते. नुसतं तोंड वाकडं झालं असेल तर कपाळ पाहा, त्या बाजूला आठ्याच पडत नसतील आणि डोळा मिटत नसेल तर बहुधा चेहऱ्याची नस गेली, मेंदूच्या लकव्यात कपाळ सहसा वाचतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणत उठला, दोन्ही पापण्या खाली आणि आवाज बसलेला, तर मण्यार हा विषारी साप चावला का हा विचार आधी, त्याच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही.

मोठ्या दवाखान्यात ११ मुद्द्यांचा, ० ते ४२ गुणांचा एक तक्ता भरतात, जास्त गुण म्हणजे जास्त मार, आणि लगेच साधा सीटी. रक्तस्राव त्यात पांढरा ठिपका होऊन ताबडतोब दिसतो. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून नातेवाईक चिडतात, "रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणते, मंग हात काहून नाही हालत?" तर त्या नॉर्मलचा अर्थ एवढाच की रक्तस्राव नाही, आणि इंजेक्शनचा विचार करायला तेच पाहिजे असतं. एमआरआयवर गुठळीचा भाग लवकर दिसतो, पण त्याच्यासाठी थांबत नाहीत. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद, तिथं हे साडेचार तास कागदावरच राहतात.

कारण शोधायचं काम नंतर. म्हाताऱ्यांत बीपी, शुगर, तंबाखू, आणि ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित आहेत का. तरण्या बाईत लहानपणीच्या सांधेतापानं खराब झालेला हृदयाचा व्हॉल्व्ह, बाळंतिणीत डोकं दुखून फिट आली तर मेंदूच्या शिरेतली गुठळी. आणि पूर्व विदर्भात लहान लेकराला लकवा झाला तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केलीच पाहिजे, ती राहून गेली तर दुसरा झटका येऊ शकतो.

सगळ्यात अवघड निदान लकवा येऊन निघून गेलेल्याचं. दहा मिनिटं हात गेला, जीभ जड झाली, मग सगळं ठीक, आणि माणूस परत निंदणाला. दवाखान्यात आला तरी तपासायला काहीच उरलेलं नसतं, सीटीही साफ. अशा वेळी अख्खं निदान त्या एका साक्षीदारावर असतं, शेजारच्या ओळीत निंदणाऱ्या बाईवर, जिनं विळा त्याच्या हातातून गळताना पाहिला.