ब्रेक तापतो, टायर थांबवतो

बेळगावातून गोव्याला निघालेली गाडी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला पोचते आणि तिथून रस्ता केरीकडे उतरायला लागतो. जुन्या गाडीची खरी परीक्षा या उतारावर होते. चढताना इंजिन तापलं तर गाडी बाजूला लावून बॉनेट उघडता येतं. उतरताना ब्रेक तापले तर गाडी बाजूला लावायलाही ब्रेकच लागतात.

हौसेनं सांभाळलेल्या जुन्या गाड्यांमध्ये स्टँडर्ड हेरल्डचा मान मोठा. 1961 पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. विलायतेत ट्रायम्फ कंपनीनं याच हेरल्डची चासी (खालचा सांगाडा) आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे टप उघडणारी हेरल्ड दारात असेल, तर ती स्पोर्ट्स कारची थोरली बहीणच. अशा गाडीच्या मालकाला कधी ना कधी एक खूळ लागतंच: पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक घालायचे आणि 13 इंची रिम काढून 15 इंची अलॉय रिम. "मिस्त्री, बसवूया काय?" "बसवूया की!" इतक्या सहज हा निर्णय होतो. गंमत अशी की मोठे ब्रेक घातल्यानं पहिल्या फटक्यात गाडी लवकर थांबतेच असं नाही.

गाडीला रस्ता धरून ठेवतो तो टायर. जुने ड्रमसुद्धा जोर लावल्यावर चाक जाम करत असतील, तर टायरची पकड तिथे संपलेली असते. त्यापुढे ब्रेक कितीही दांडगा असला तरी चाक नुसतं घसटणार. फरक पडतो तो पाचव्या-सहाव्या वेळी ब्रेक दाबताना, आणि तो उष्णतेचा फरक असतो.

हिशेब सोपा आहे. माणसं-सामान धरून 1000 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरच्या वेगात असेल, तर तिच्यात सुमारे 250 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ती 3 सेकंदांत संपवायची म्हणजे ब्रेकनी 110 हॉर्सपॉवरच्या दरानं उष्णता तयार करायची. सुरुवातीच्या हेरल्डचं 948 सीसी इंजिन 40 हॉर्सपॉवरच्याही आतलं; म्हणजे ब्रेकवर इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट भार. आता घाट घ्या. याच गाडीनं 500 मीटर उंची उतरली, तर 4900 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बंबातलं 15 लिटर गार पाणी उकळायला एवढी ऊर्जा पुरते. त्यातला काही वाटा हवेचा विरोध घेतो, खालचा गिअर टाकला तर बराच वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग मात्र सगळं पाणी ब्रेकवरच उकळतात.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला शू आतून दाबतात; अडचण ही की उष्णता आत कोंडते. तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, आणि पेडल खोल जायला लागतं. शूवरच्या लायनरमधलं रेझीन (चिकटवणारं द्रव्य) जळून वायू सुटतो आणि घर्षणही घटतं. डिस्क म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ती थाळी; ती मात्र उघड्यावर फिरते. तिला वारा लागतो आणि फुगली तरी ती पॅडच्याच दिशेनं जाडावते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचा बोलबाला झाला 1953 मध्ये, जग्वार सी-टाइपनं डिस्क लावून ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

डिस्कचा धातू हा तर बेळगावकरांच्या घरचा विषय. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कुणालाही विचारा, बिडाच्या दोन प्रकारांत एसजी आयर्न ग्रे आयर्नपेक्षा मजबूत असतं. तरी डिस्क सहसा ग्रे आयर्नचीच ओततात. याचं कारण आतल्या ग्राफाइटच्या आकारात आहे. एसजीमध्ये ते गोळ्यांच्या रूपात असतं, ग्रेमध्ये पापुद्र्यांच्या. या पापुद्र्यांतून उष्णता भराभर पसरते, त्यामुळे डिस्कचा एकच भाग लालबुंद होत नाही. शिवाय कंपनं जिरतात आणि ब्रेक कमी किंचाळतो. लेथवर ग्रे आयर्नला टूल लावलं की स्टीलसारखा लांब दोरा निघत नाही, चुरा पडतो, आणि बोटं काळी होतात. ते काळं म्हणजे हेच ग्राफाइट. 4 किलोची डिस्क ताशी 80 वरून एकदा थांबताना साधारण 40 अंशांनी तापते. निवायला वेळ न देता पाच वेळा थांबलात, तर 200 अंशांची भर पडलीच.

ही उष्णता पॅडमधून, पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि खरा घात तिथे होतो. नवं डॉट 3 दर्जाचं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसला, तर डॉट 4 किमान 230 अंशांना उकळतं. पण ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. पाणी 3.7 टक्क्यांवर गेलं की हेच किमान आकडे 140 आणि 155 वर येतात. कणकुंबीचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला ओलावा कुठून येतो हे सांगायला नको. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. म्हणून माझ्या मते पहिला खर्च डिस्कवर नव्हे, ताज्या ऑइलवर आणि नव्या होस पाइपांवर करावा. चाळीस वर्षांचा रबरी होस आतून फुगलेला असतो.

स्पिटफायरचे पुढचे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारी पकड) हेरल्डवर बसवता येतात; बहिणी असल्याचा तो फायदा. पण मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा) जुनाच ठेवून चालत नाही. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ वेगळं, त्याला लागणाऱ्या ऑइलचं प्रमाण वेगळं. सिलिंडर लहान पडला तर पेडल लांब जातं, मोठा पडला तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. ड्रमच्या लायनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लायनीत राहिला, तर पॅड सतत घासत राहतात.

मागे डिस्क घालण्याचा मोह मात्र आवरावा. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. त्यात हेरल्डचा मागचा स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारा दांडा) वळणावर आधीच खोडकर.

आता रिम. हेरल्डच्या चार बोल्टांचं वर्तुळ 95.25 मिलिमीटरचं, आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं 100. "बसतंय की" म्हणत नट तिरके आवळणारे भेटतात. तो बोल्ट कधी ना कधी तुटतो. टायरची उंची जुळवणं त्या मानानं सोपं (आकडे म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत): 155/80 आर 13 चा व्यास 578 मिलिमीटर, 185/55 आर 15 चा 584 च्या आसपास. स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही. पण ही गाडी 25 फुटांच्या वर्तुळात वळते, इतकी तिची पुढची चाकं फिरतात. रुंद टायर तिथे मडगार्डला घासतो. म्हणून रिम बाहेरच्या बाजूला सरकवली तर स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर ताण येतो. जड अलॉय आणि बुटक्या भिंतीचा टायर घेऊन पावसाळ्यानंतरच्या जांबोटी रस्त्यावर गेलात, तर रिम वाकवूनच परत याल. मी तरी 13 इंची रिम ठेवून चांगले रेडियल घेईन.

2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, हेही आधीच पाहून ठेवावं.

पुढची चाकं उघडली आहेतच, तर खालचे ट्रनियन (चाक ज्यावर वळतं ते सांधे) बघून घ्या. त्यात ग्रीस नाही, ईपी 90 गिअर ऑइल लागतं. कोरडे राहिले तर ते तुटून चाकच आडवं होतं. आणि नव्या रिमवर थोडं अंतर गाडी चालली की नट टॉर्क पान्यानं (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) पुन्हा आवळा, कारण नटाखालचा रंग दबतो आणि पहिली आवळणी ढिली पडते.