तंतुकणिका निकामी झाली हे चेतापेशीला कळतं कसं?

‘सोळा तास उपाशी राहा, मेंदूतला कचरा साफ होतो’ असे संदेश हल्ली सर्रास फिरतात आणि सोबत २०१६च्या नोबेलचा दाखला असतो. योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीसाठी ते नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांनी उपाशी ठेवल्या होत्या यीस्टच्या पेशी. जिवंत माणसाच्या मेंदूतली ऑटोफॅजी थेट मोजायची खात्रीची पद्धत अजून नाही, त्यामुळे तासांचा हा हिशेब निराधार आहे.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीतली साफसफाई. निकामी भाग दुहेरी पटलाच्या पिशवीत बंद होतो, पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्याला, जाऊन मिळते आणि तिथली विकरं आम्लात त्याचे तुकडे करतात. चेतापेशी विभागत नाही, जन्मभर तीच टिकवायची असते, म्हणून तिला ही सफाई चुकत नाही. २००६ मध्ये उंदरांच्या चेतापेशींतलं ऑटोफॅजीचं एकच जनुक बंद केलं, तर तेवढ्यानेच प्रथिनांचे गोळे साचले आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या.

पण निकामी काय, हे ठरवतं कोण? मला यातलंच एक उत्तर विलक्षण वाटतं. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पटलावर विद्युतदाब असतो. पेशी पिंक-१ नावाचं प्रथिन सतत बनवत राहते. तंतुकणिका धडधाकट असेल तर त्या दाबामुळे पिंक-१ आत ओढलं जातं, कापलं जातं आणि नष्ट होतं. दाब ढासळला की ते आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या पटलावर साचतं. तिथे ते युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. त्यामुळे पार्किन नावाचं दुसरं प्रथिन तिकडे ओढलं जातं, पार्किन आणखी युबिक्विटिन चिकटवतं, त्यावर पिंक-१ पुन्हा फॉस्फेट चढवतं. बघता बघता सगळा पृष्ठभाग खुणांनी भरतो आणि पिशवी भोवती गुंडाळली जाते. बिघाडाची वर्दी द्यायला नवीन काही बनवावं लागत नाही, रोजचं नष्ट होणं थांबलं की पुरे!

पिंक-१ किंवा पार्किन यांपैकी एकाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर कंपवात (पार्किन्सन) अनेकदा चाळिशीच्या आतच गाठतो. बहुतेक रुग्णांत मात्र ही जनुकं शाबूत असतात.

अल्झायमरमध्ये घोळ पुढच्या टप्प्यावर दिसतो. रुग्णांच्या मेंदूच्या नमुन्यांत चेतापेशींचे फुगलेले तंतू न पचलेल्या पिशव्यांनी गच्च भरलेले असतात. अशा ठिकाणी नुसत्या पिशव्या वाढवणाऱ्या औषधाने कोंडी वाढूही शकते, म्हणून आता लायसोसोममधली आम्लता पूर्ववत करण्याचेही प्रयत्न चालू आहेत.