पेपर सोडवून झाला? आता वही काढा
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंग-रीडिंगचा (ऐकणं-वाचणं) घरचा सराव : आमच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

नाव नोंदवून आठवडा होत नाही तोच बहुतेकांचा प्रश्न येतो : "अजून पेपर आहेत का?" आहेत, भरपूर आहेत. पण मागाल तसे आम्ही देत नाही. त्यावरून थोडी नाराजीही होते, म्हणून कारण एकदा लिहूनच देतो.

लिसनिंगचा पेपर साधारण 30 मिनिटांचा, रीडिंगचा 60 मिनिटांचा. म्हणजे दोन्ही मिळून दीड तास. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बरोबर-चूक करायला पाच मिनिटं पुरतात, आणि तिथेच बहुतेक जण वही मिटतात. आमच्या हिशेबाने तेव्हा अर्धंच काम झालेलं असतं. पेपर सोडवून तुम्ही कुठे आहात तेवढं कळतं. पुढे सरकायचं तर चुकलेलं प्रत्येक उत्तर उलगडून बघावं लागतं. पेपरांचे गठ्ठे संपवूनही बँड 6 वर (बँड म्हणजे 9 पर्यंतची श्रेणी) अडकून बसलेले विद्यार्थी आमच्याकडे येतात. त्यांचं इंग्रजी कच्चं नसतं. तीच चूक त्यांनी प्रत्येक पेपरात नव्याने केलेली असते.

चुकांची वही

चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर एकच गोष्ट लिहा : का चुकलं. "लक्ष नव्हतं" हे कारण आम्ही धरत नाही. कारणं बहुधा पाचच निघतात. शब्दच माहीत नव्हता. शब्द माहीत होता, पण कानाला ओळखू आला नाही. नीट ऐकलं किंवा वाचलं, पण प्रश्नाने चकवलं. उत्तर बरोबर होतं, लिहिताना घोळ झाला. नाहीतर वेळ संपला.

प्रत्येकावरचं औषध वेगळं आहे. कान चुकतोय आणि तुम्ही शब्दांच्या याद्या पाठ करत बसलात तर महिना वाया जाईल. दोन-तीन पेपरांची वही भरली की आपला रोग कोणता ते दिसायला लागतं.

लिसनिंग : कान आणि पेन

चार भाग, 40 प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात एकाच माणसाने दिलेली माहिती, तिसऱ्यात अभ्यासाविषयीची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. हा पेपर अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठीची परीक्षा) आणि जनरल (नोकरी किंवा स्थलांतरासाठीची) दोघांनाही सारखाच.

पहिला भाग सोपा म्हणून हलक्यात घेतला जातो, आणि मार्क तिथेच सांडतात. एक नमुना बघा. हॉलचं बुकिंग चाललं आहे. बाई म्हणतात, "कार्यक्रम साडेसातला." समोरचा विचारतो, "मग दार सातला उघडू?" बाई जरा थांबून म्हणतात, "पाहुणे सातला येतील हो, पण फुलवाले आधी येणार. पावणेसातला उघडा." प्रश्न आहे : दार किती वाजता उघडायचं? साडेसात ऐकल्याबरोबर ज्याने लिहून टाकलं तो गेला. बोलणारा आधी एक सांगतो आणि मग बदलतो, ही या परीक्षेची आवडती खोड आहे. म्हणून 'बट', 'अ‍ॅक्च्युअली', 'नो, वेट' असं काही कानावर आलं की पेन सावध व्हायला हवं.

आपल्या कानाचे काही घोळ ठरलेले आहेत. 'थर्टीन' आणि 'थर्टी' : पहिल्यात जोर सहसा शेवटावर येतो, दुसऱ्यात सुरुवातीवर. 'कॅन' वाक्यात दबून 'कन' होतो आणि ब्रिटिश 'कान्ट' मात्र लांब 'आ' घेऊन ठसठशीत येतो. त्यामुळे शेवटचा 'ट' ऐकू आला नाही तरी फरक कळतो. नावाचं स्पेलिंग सांगताना 'जी' की 'जे', 'ए' की 'ई', आणि 'डबल एल' म्हणजे दोन एल. फोन नंबरातला 'ओ' म्हणजे शून्य. हे रोज पाच मिनिटं कोणाकडून तरी वाचून घ्या आणि लिहा. घरातलं कोणीही चालेल.

कानासाठी आमचा एकच आग्रह आहे : श्रुतलेखन. हो, शाळेतलंच. 30 सेकंदांचा तुकडा घ्या, थांबवत-थांबवत शब्दन् शब्द लिहा, पुन्हा ऐका, गाळलेल्या जागा भरा आणि मग ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे ध्वनिफितीच्या छापील मजकुराशी, ताडून पाहा. पहिल्या दिवशी चिडचिड होते. पण लिहिलेलं 'व्हॉट डू यू' बोलताना 'वॉडया' कसं होतं, हे एकदा स्वतः पकडलं की पुन्हा निसटत नाही. आवाजाचा वेग कमी करून ऐकायची सवय लावू नका, परीक्षेत ती सोय नाही. सबटायटल्स लावायचीच असतील तर दुसऱ्या खेपेला लावा. पहिल्या खेपेला लावली तर ते वाचन झालं.

उरला पेनाचा घोळ. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. अनेकवचनाचा शेवटचा 'एस' राहिला तरी गेला. सूचना 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' अशी असेल आणि 'रेड बस'ऐवजी 'द रेड बस' लिहिलं तर शब्द तीन झाले, मार्क शून्य. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं, अक्षर खराब असेल तर तसंच लिहा. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, संगणकावर मात्र तपासायला फक्त 2. सराव करताना आपल्या परीक्षेचीच वेळ लावा.

आणि एखादं उत्तर हुकलं तर हुकलं. त्याच्या मागे धावलात की पुढची दोन जातात.

रीडिंग : तुम्हाला माहीत आहे तेच आड येतं

अकॅडेमिकला तीन लांब उतारे, 40 प्रश्न. इथे उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही, 60 मिनिटांतच सगळं. पुढचा उतारा साधारण अवघड होत जातो, म्हणून प्रत्येकी वीस मिनिटांची वाटणी आम्हाला पटत नाही. पहिला 16-17 मिनिटांत उरकून ती बचत तिसऱ्याला द्या.

सर्वांत जास्त तक्रारी 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'च्या. समजा उताऱ्यात एवढंच आहे : 'या बेटावरचे बहुतेक पक्षी जमिनीवर घरटी करतात. जहाजांबरोबर इथे उंदीर आले.' पहिलं विधान : 'बेटावरचे सगळे पक्षी जमिनीवर घरटी करतात.' हे फॉल्स, कारण 'बहुतेक' आणि 'सगळे' एक नाहीत. दुसरं विधान : 'उंदरांमुळे पक्षी कमी झाले.' हुशार विद्यार्थी इथेच अडकतो. उंदीर अंडी खातात, अशा बेटांवर पक्षी कमी होतात, हे त्याला माहीत असतं आणि तो बेधडक ट्रू लिहितो. उताऱ्यात मात्र पक्ष्यांच्या संख्येबद्दल अवाक्षर नाही. उत्तर नॉट गिव्हन. विधानाच्या उलट काही उताऱ्यात सापडलं तर फॉल्स, त्या मुद्द्यावर काहीच सापडलं नाही तर नॉट गिव्हन. सराव करताना ज्या ओळीवरून उत्तर ठरवलं ती अधोरेखित करायचीच. ओळ दाखवता येत नसेल तर ते उत्तर अंदाजाचं आहे, मग ते बरोबर का निघेना.

या प्रकाराची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात. परिच्छेदाला शीर्षक जोडायच्या प्रश्नांची तशी येत नाहीत. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत, तेव्हा जागा कोरी सोडू नका.

मार्कांचा हिशेब

लिसनिंग आणि अकॅडेमिक रीडिंगमध्ये 40 पैकी साधारण 23 ला बँड 6, 30 ला 7, 35 ला 8. जनरलचं रीडिंग तुलनेने सोपं, म्हणून तिथे 30 ला 6 आणि 34 ला 7. पेपरागणिक एखाद्या मार्काचा फरक पडतो. चारही विभागांची (लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात : 7, 6.5, 6 आणि 5.5 असेल तर सरासरी 6.25, आणि निकालावर 6.5. निकाल दोन वर्षं धरला जातो, त्यामुळे अर्ज कधी करायचा ते आधी ठरवा आणि मग परीक्षेची तारीख घ्या.

आमच्याकडे येताना

आठवड्याला एक पूर्ण पेपर मिळेल. पुढचा हवा असेल तर आधीच्या पेपराची चुकांची वही आणि किमान तीन श्रुतलेखनं दाखवावी लागतील. श्रुतलेखनात खाडाखोड असली तर उत्तमच, ती खोडून सुबक करून आणू नका. आम्हाला तीच बघायची असते. हेडफोन स्वतःचे आणा.