ग्रंथालयातला छोट्यांचा संगणक आणि शेजारची खुर्ची

काही सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात चिमुकल्यांसाठी खास संगणक असतो. कळफलक रंगीबेरंगी, माउस छोट्या मुठीत मावेल एवढा, पडदा बोटाने चालणारा. इंटरनेट मुद्दामच दिलेलं नसतं. अक्षरांचे, ध्वनींचे, आकड्यांचे खेळ आधीच भरून ठेवलेले असतात. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. पण त्याच्यापुढे बसून मूल वाचायला शिकतं का?

बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचन मात्र बहुतेकांना शिकवावं लागतं. ते शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला असलेला एक भाग अक्षरं ओळखण्यात तरबेज होतो आणि ध्वनी हाताळणाऱ्या भागांशी जोडला जातो. आकार आणि आवाजाची ही गाठ पक्की करायला संगणक खरंच उपयोगी पडतो. ‘घ’वर बोट ठेवलं की ‘घ’ ऐकू येतो, ‘ध’वर ठेवलं की ‘ध’. पन्नासदा विचारलं तरी तो वैतागत नाही.

भाषा शिकायला मात्र एवढं पुरत नाही. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली अमेरिकेतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. त्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. ज्यांनी तेच बोलणं पडद्यावर पाहिलं, त्यांना काहीच साधलं नाही. पुढे 2014 साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. व्हिडिओ कॉलवरची व्यक्ती मुलाच्या बोलण्या-वागण्याला साद देत होती तेव्हा मुलं नवी क्रियापदं शिकली. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओवरून नाही. म्हणजे अडतं ते पडद्यामुळे नव्हे, त्या क्षणी साद न मिळाल्यामुळे.

संगणकातल्या गोष्टीत ससा असतो. बोट लावलं की तो उडी मारतो. मूल मग सशालाच टोचत बसतं आणि गोष्ट राहून जाते. शेजारी बसलेली आई किंवा बाबा “आता हा कुठे पळाला असेल रे?” असं विचारतात तेव्हा तोच ससा पुन्हा गोष्टीत येतो. मला तर वाटतं, या संगणकाचा सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे त्याच्या शेजारची खुर्ची.

हातालाही काम हवं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या संशोधक कॅरिन जेम्स यांनी, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने काढून घेतली, काही गिरवून, काही कळ दाबून. नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर वाचनाशी संबंधित भाग हाताने काढलेल्या अक्षरांना अधिक प्रतिसाद देत होते. त्यामुळे संगणकाजवळ कोरे कागद आणि जाड खडू ठेवलेच पाहिजेत.

आणि हेडफोन? शांततेसाठी तो लावतात हे समजतं, पण त्यामुळे शेजारचं मोठं माणूस गोष्टीबाहेर पडतं. तो हवाच असेल तर एका संगणकाला दोन जोडता येतील, अशी सोय ग्रंथालयांनी करावी.