बालग्रंथपालांचं प्रशिक्षण (प्रारंभिक साक्षरता)

लायब्ररीत लहान मुलांचा विभाग सांभाळणाऱ्या माणसाला, मूल शाळेत अक्षरं गिरवायला लागण्याच्या आधीच्या वयात म्हणजे साधारण जन्मापासून सहा वर्षांपर्यंत, त्याच्या भाषेला आणि वाचनाला हातभार कसा लावायचा हे शिकवणारं जे काही असतं, कोर्स, कार्यशाळा, अनुभवी माणसाच्या हाताखालचं काम, ते सगळं या नोंदीत धरलंय, जास्त करून ठाणे जिल्ह्याच्या अंगाने. पुस्तकं मांडणं, नंबर टाकणं, देवघेव हा भाग इथे घेतलेला नाही, तो नेहमीच्या ग्रंथालयशास्त्रात येतो.

सुरुवात कुठून मानायची यावर मतभेद आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीचं नाव पहिलं घेतात, पण तिथेही कुणी 1900 लिहितं कुणी 1901, कारण वर्ग आधी सुरू झाला आणि त्याला ट्रेनिंग स्कूलचं रीतसर रूप नंतर आलं, त्यामुळे दोन्ही सनं आपापल्या जागी बरोबर म्हणता येतात. त्याच्याही आधी 1896 मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये अॅन कॅरोल मूर यांनी मुलांची खोली चालवायला घेतली होती. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं, पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचा वर्ग निघाला, आणि बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा वेगळा विभागही होता. म्हणून बरेच लेखक भारतातली सुरुवात बडोद्यालाच मानतात. पण त्या वर्गात शिकवायचा भर कारभारावर आणि सूचीकरणावर होता, सहा वर्षांखालच्या मुलाशी पुस्तक घेऊन कसं बसायचं हा त्याचा विषयच नव्हता.

ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर दुसरं मत जास्त पटतं, ते म्हणजे या कामाचं मूळ लायब्ररीत नाही तर बालवाडीत आहे. बालशिक्षणात काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून बरोबर होत्या, आणि 1956-57 च्या सुमारास काम कोसबाडला गेलं. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. आदिवासी पाड्यावर जाऊन अंगणात वर्ग भरवणं, मुलं गुरं राखतात तर कुरणातच शाळा नेणं, गोष्ट, गाणं आणि आजूबाजूच्या वस्तूंवरून भाषा वाढवणं आणि हे सगळं करणाऱ्या बाईला तयार करणं, हे तिथे चालायचं. आजच्या प्रशिक्षणात ज्याला प्रारंभिक साक्षरता म्हणतात त्यातलं बरंचसं यात आहे, फक्त पुस्तकांचं कपाट नव्हतं.

कपाट होतं ते शहरात. वि. ल. भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन यांच्या पुढाकाराने 1893 मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, मुंबईचं त्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकीकडे राज्यातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांपैकी एक आणि दुसरीकडे देशाने उचललेली अंगणवाडीची कल्पना, पण ग्रंथपाल आणि बालवाडीच्या ताई यांना शिकवायच्या वाटा मात्र कायम वेगळ्याच राहिल्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, त्याप्रमाणे वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्यावर अनुदान, आणि वरच्या दर्जाच्या वाचनालयाकडून बालविभागाची अपेक्षा असते. त्या विभागात बसणाऱ्या माणसाने काय शिकलेलं असावं यावर मात्र भर नाही. ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंतच्या अभ्यासक्रमांमध्येही लहान मुलांचं वाचन एखाद्या प्रकरणापुरतं येतं. परिणाम असा की बऱ्याच ठिकाणी बालविभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक कपाट, आणि ते पण कुलूपबंद, पुस्तकं फाटू नयेत म्हणून.

आशयाच्या बाबतीत ज्याचा बराच वापर झाला तो अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या दोन विभागांचा एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड हा कार्यक्रम. पहिल्या आवृत्तीत सहा कौशल्यं होती (पुस्तकाची गोडी, छापील मजकुराची ओळख, शब्दसाठा, गोष्ट सांगता येणं, ध्वनींची जाण, अक्षरओळख), 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याऐवजी पालकांना सहज कळतील अशा पाच गोष्टी ठेवल्या, बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं, खेळणं. हा बदल चांगलाच म्हणावा लागेल, कारण ग्रंथपालाने प्रत्येक मुलाला स्वतः शिकवावं अशी अपेक्षाच नाही, त्याने आईला, आजीला दाखवून द्यायचं आणि पुढचं घरी व्हायचं.

दाखवायचं काय, तर मुख्यतः संवादी वाचन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हे मांडलं. मोठ्याने सलग वाचत सुटायचं नाही, विचारायचं, मुलाचं उत्तर उचलून धरायचं, त्यात थोडी भर घालायची आणि मुलाकडून परत म्हणवून घ्यायचं. कोळीवाड्यातलं मूल चित्र बघून "मासा" म्हणालं की "हो, मासा, पापलेट आहे, चपटं असतं ना?" इतकंच. ऐकायला सोपं वाटतं, पण नवीन माणूस दोन प्रश्नांनंतर परीक्षा घ्यायला लागतो, म्हणून प्रशिक्षणात हे एकमेकांसमोर करून बघावंच लागतं.

ध्वनींच्या जाणिवेचा भाग मात्र इंग्रजीवरून जसाच्या तसा उचलता येत नाही. इंग्रजीत सुटा सुटा ध्वनी ओळखण्यावर जोर असतो, देवनागरीत लिहायचं एकक अक्षर आहे. क-म-ळ अशी टाळ्यांवर फोड लहान मुलं खेळता खेळता करतात, पण क मधला अ वेगळा काढणं त्यांना बरंच उशिरा जमतं. शिवाय ऱ्हस्व इकाराची वेलांटी कागदावर आधी आणि उच्चारात नंतर, जोडाक्षरं वेगळीच, आणि चमचा आणि चिमणी यातला च बोलताना एक नसतो पण लिहिताना एकच. एवढी अक्षरं आणि त्यांची रूपं पक्की व्हायला वेळ लागणारच, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला बाराखडी येत नाही म्हणून घाबरलेल्या पालकांना शांत करणं हेसुद्धा बालग्रंथपालाचंच काम होऊन बसतं. बडबडगीतं, यमकं, नावाच्या पहिल्या अक्षरावरचे खेळ इथे कामाला येतात.

देशात खास या कामासाठी आखलेल्या अभ्यासक्रमांमध्ये टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स जास्त माहितीतला, काही दिवस समोरासमोर, बाकी घरून वाचन आणि स्वतःच्या लायब्ररीत करायचा प्रकल्प अशी त्याची रचना. मराठीत जवळचं काम वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेचं, अंगणवाडीसाठी पालवी आणि गोष्टी रंगमंचावरून मुलांपर्यंत नेणारं गोष्टरंग. सरकारी बाजूने 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या मोहिमेमुळे पायाभूत साक्षरतेची प्रशिक्षणं वाढली खरी, पण ती शिक्षकांसाठी, सार्वजनिक वाचनालयातला माणूस त्यात सहसा नसतो.

नवी मुंबईत चित्र थोडं वेगळं. शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी 1970 ची, महापालिकेचा कारभार 1992 पासून, म्हणजे जुनी वाचनालयं कमी आणि वस्ती मात्र सगळीकडून आलेली. ऐरोली, घणसोलीच्या गावठाणात आगरी आणि कोळी बोलणारी घरं, शेजारच्या सेक्टरमध्ये तमिळ, गुजराती, हिंदी, आणि बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात. इथे शिकवताना घरच्या भाषेत गोष्ट सांगू द्यायची, प्रमाण मराठी लगेच सुधारत बसायचं नाही हे आधी सांगावं लागतं, कारण आगरी आजी लायब्ररीत आली आणि तिला गप्प बसवलं की ती परत येत नाही. वेळेचाही प्रश्न असतो. बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद, लहान मुलं सकाळी अंगणवाडीत किंवा नर्सरीत. म्हणून गोष्टीचा तास संध्याकाळी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बंद असलेल्या दुपारी ठेवणं सगळ्यात सोयीचं पडतं, फक्त त्या दुपारचे पैसे अर्धवेळ कर्मचाऱ्याला वेगळे द्यावे लागतात.